मामा असताना राजपुत्र कशाला?

सहा वर्षं मी माझ्या कथेत माणसं मारत होते, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. एक अख्खं बंदर समुद्रात बुडवलं, त्यावर ‘छान, पुढचा भाग लवकर टाका’ एवढाच अभिप्राय आला. सात दरवाजांचा किल्ला पाडला, राजगुरूचं मुंडकं उडवलं, दोन उडते सर्प तर चक्क उपाशी मारले. (ते मुद्दाम नव्हतं. त्यांना एका गुहेत ठेवलं आणि पुढचे चाळीस भाग विसरून गेले.) वाचक शांत. आणि मग एका भागात एका मुलीने एका मुलाचा हात धरला, तर सगळे उठून अंगावर आले.

मी तमिळ मुलखात, वेळच्चेरीत राहते आणि सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिते. या पुस्तिका जगात कुणीही वाचत नाही. माणूस आधी दिसेल ते बटण दाबतो, मग शेजारच्याला विचारतो, मग संगणकाला शिव्या घालतो. पुस्तिका उघडावी असं त्याच्या मनातही येत नाही. तेव्हा आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचावं, या भुकेपोटी मी एका मराठी वाचनाच्या ॲपवर ही जादूची मालिका सुरू केली. कंपनीच्या बसमध्ये, जाता-येता, फोनवर अंगठ्याने लिहायची आणि शुक्रवारी टाकायची. नवरा आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात आहे. त्याने तीन भाग वाचले आणि ‘ही माणसं जेवतात कधी?’ असं विचारून वाचन संपवलं.

गोष्ट थोडक्यात अशी. वाऱ्याला हाक मारू शकणारी एक मुलगी. ती अठराची असताना, पहिल्याच भागात, तिची आई मरते. माझी सवय मी वर सांगितलीच आहे. मग आईचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, स्वतःचं राज्य सोडून तिच्या पाठीशी उभा राहतो. हा मामा मी फार मन लावून लिहिला. तलवार उत्तम चालवतो, रागावतो कमी, स्वयंपाक करतो आणि बाईचं बोलणं मध्येच तोडत नाही. अशक्य गोष्टी लिहायच्याच आहेत तर पुरत्या लिहाव्यात, असं माझं मत आहे.

माझी सर्वांत पक्की वाचक मात्र वाचत नव्हती, ऐकत होती. आमच्या घरमालकीणबाई, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. पंचाहत्तरीच्या. घराणं तंजावरकडचं मराठी. कुठल्या पिढीत तिकडे गेले ते त्यांनाही सांगता येत नाही. मी पहिल्यांदा घर बघायला गेले, तेव्हा मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलत होते. त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत विचारलं, ‘कोण्चं गांव तुमचं?’ मला इतका आनंद झाला की भाडं कमी करून मागायचं राहूनच गेलं.

घरात मराठी बोलत असल्या तरी अक्कांची शाळा तमिळ, त्यामुळे देवनागरी त्यांना येत नाही. म्हणून दर रविवारी चार वाजता मी खाली जाऊन नवा भाग मोठ्याने वाचायचा, असा रिवाज पडला. वाचून झालं की कॉफी. कॉफीबरोबर अक्कांची नात माझ्या फोनवरून वाचकांचे अभिप्राय वाचून दाखवायची. ती कॉलेजात आहे, आणि लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे तिला अक्षरं येतात. अर्थाकडे फारसं लक्ष नाही. स्टेशनवर गाडी सुटण्याची घोषणा होते तशा एका सुरात ती ‘लेखिकाबाई तुम्ही वेड लावलंत’ वाचायची, आणि अक्का खूश व्हायच्या.

अक्कांना साधं समजू नका. पन्नास वर्षं तमिळ साप्ताहिकांतल्या चालू कादंबऱ्या वाचून त्यांना लेखकाच्या पोटातलं कळतं. ‘ह्याला मारणार तू,’ त्या एकदा म्हणाल्या. ‘दोन आठवडे झाले, त्याला फार चांगलं वागवूलागलीस.’ मी खरोखरच त्याला मारणार होते. गेली दोन वर्षं मात्र त्यांचा एकच प्रश्न असायचा: ‘मुलीचं लग्न कधी करणार?’ कुणाशी, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण ते उघड आहे असं मला वाटत होतं. मिठाच्या बेटावरचा राजपुत्र मी दोनशेव्या भागापासून पेरून ठेवला होता. उंच, अबोल, खांद्यावर जखमेचा वण. याहून जास्त इशारा काय द्यायचा?

तर तो भाग. प्रेमाचा भाग लिहिणं हे बंदर बुडवण्यापेक्षा कितीतरी कठीण निघालं. बस शोलिंगनल्लूरच्या सिग्नलला थांबली होती, शेजारची मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि मी राजपुत्राला हसवायचा प्रयत्न करत होते. आधीच्या खर्ड्यांमध्ये तो दरवेळी दाढ दुखत असल्यासारखा हसला. शेवटी त्यांना एका होडीत बसवलं, होडी वल्हवणाऱ्या नायिकेच्या खांद्यात बाण घुसवला, त्याच्याकडून लेप लावून घेतला, आणि तिने त्याचा हात धरला. बस्स, एवढंच. शुक्रवारी टाकला आणि जेवायला बसले.

ताट पुढ्यात येईपर्यंत अभिप्रायांचा पाऊस. एक निवृत्त फौजी गृहस्थ म्हणाले, खांद्यात बाण असलेल्या बाईला होडी वल्हवता येत नाही, लेखिकेने वैद्यकीय माहिती घ्यावी. एका ताईंना हात धरण्याआधी मुलाच्या घरचं काहीच कळलं नाही याची काळजी. एकाने विचारलं, ‘सर्प कुठे आहेत?’ एकीने मोजून सांगितलं की राजपुत्र हसायला चौदा ओळी घेतो. कुणी ‘सासूबाईंसमोर वाचता येईना’ म्हणून तक्रार केली; वास्तविक त्या भागात लेपाखेरीज उघडंवाघडं काही नव्हतं. आणि त्यातच एका वाचकाने लिहिलं, ‘राजपुत्र बेचव आहे. खरी जोडी तर तिची आणि मामाची शोभते.’

त्यावर जो गोंधळ उडाला तो मी काय सांगू. ई, शी, अहो सख्खा मामा, डोकं ठिकाणावर आहे का. मला गंमत वाटत होती. वाचकांशी जरा थट्टामस्करी करावी म्हणून मीही उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. लिहिलं, ‘काळजी नसावी. मामाभाचीचे असले किळसवाणे प्रकार माझ्या राज्यात होत नाहीत. ते खाली दक्षिणेत होतात, तिकडे मी फक्त भाड्याने राहते.’ खाली चार हसरे चेहरे. त्या उत्तराला पसंतीची जितकी लाल बदामं मिळाली, तितकी सहा वर्षांत माझ्या कुठल्याही भागाला मिळाली नव्हती. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला.

रविवारी चारला खाली गेले. अक्का झोपाळ्यावर, नात जमिनीवर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान. रेल्वेतून कधीचेच निवृत्त, सत्त्याऐंशीचे. ऐकायचं यंत्र खणात ठेवतात आणि पेपर डोळ्यांसमोर, त्यामुळे घरात त्यांच्याइतकं शांत कुणी नाही. मी होडीचा प्रसंग जरा नाटकीपणाने वाचला. हात धरल्यावर थांबले आणि वर पाहिलं. अक्कांनी झोपाळा पायाने थांबवला होता.

‘कोण हा मुलगा?’ त्या म्हणाल्या.

‘राजपुत्र, अक्का. मिठाच्या बेटाचा. दोन वर्षं येतोय तो.’

‘ते ठाऊक आहे मला. ह्याला कां देतेस मुलगी? घरांत मामा अस्ताना बाहेरचा कशाला?’

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. ‘अहो, मामा आहे तो तिचा! आईचा सख्खा भाऊ!’

‘तेच सांगूलागले मी. आईचा भाऊ. मुलीला लहानपणापासून बघितलेला, दारू नाही, जेवण करतो. त्याचा हक्क पहिला. दोन वर्षं मी वाट बघते, आत्ता विचारील, मग विचारील. तू त्याला विचारूच दिलं नाहीस.’

‘अक्का, आमच्याकडे असं चालत नाही.’

‘तुमच्याकडे मामाच्या मुलीशी चालतं की! मुलीशी चालतं, मामाशी नक्को? हे कसलं शास्त्र?’

मी ‘ते वेगळं’ असं काहीतरी पुटपुटले. तेव्हा अक्कांनी हनुवटीनेच कोपऱ्यातल्या पेपरकडे दाखवलं आणि अगदी सहज म्हणाल्या, ‘हे माझ्या आईचे धाकटे भाऊ.’

नातीकडे बघितलं तर तिने माझा फोन कधीच उचलून घेतला होता आणि ती त्यातच. ‘ते सगळ्यांना माहीत आहे,’ ती म्हणाली. पाच वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते, आणि सगळ्यांमध्ये मी नव्हते. माझ्या पाचावर धारण बसली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. आता कॉफी येणार होती, आणि कॉफीबरोबर अभिप्राय. त्यात माझं शुक्रवारचं उत्तर, सर्वांत जास्त बदामं मिळाल्यामुळे सर्वांत वर. ते काढून टाकायला मला जेमतेम अर्धं मिनिट हवं होतं, आणि फोन नातीच्या हातात होता.

‘आज नको वाचू,’ मी म्हटलं. ‘फार आहेत.’

‘मग तर वाच,’ अक्का म्हणाल्या. ‘बघू, माझ्यासारखं कुणाला वाटतं कां.’

मी फोन मागितला, म्हटलं कार्यालयाचा फोन येणार आहे. नात म्हणाली, आला की देते. मी म्हटलं नेट गेलंय. ती म्हणाली, आहे. चाळिशी उलटलेली बाई एका पोरीच्या हातातून फोन हिसकावून घेण्याच्या बेतात होती, पण अक्का बघत होत्या. आणि नातीने त्या सपाट सुरात सुरुवात केली. ‘काळजी नसावी. मामाभाचीचे असले किळसवाणे प्रकार माझ्या राज्यात होत नाहीत. ते खाली दक्षिणेत…’ तिथे ती थांबली. या वेळी अर्थ तिलाही लागला असावा. ‘हे तुम्हीच लिहिलंय,’ ती मला म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अक्कांनी पायाने झोपाळा पुन्हा सुरू केला. मला वाटलं होतं त्या चिडतील, आणि मला ते हवं होतं. चिडलेल्या माणसाची माफी मागता येते. कोपऱ्यातून अण्णांनी पेपर खाली केला. घर एकदम गप्प झालेलं त्यांना कानांशिवायही कळलं होतं. ‘काय म्हणतात लोक?’ त्यांनी विचारलं.

अक्का उठून त्यांच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘अस्के लोकांना आवडलं म्हणतात!’ अस्के म्हणजे सगळे.

‘बेष,’ अण्णा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला. त्या रविवारी कॉफी झाली, मी प्यायलेसुद्धा, पण ती कशी होती ते मला सांगता येणार नाही.

घरी येऊन उत्तर काढून टाकलं. त्याने काय होणार होतं! ज्यांच्यापर्यंत ते जायला नको होतं, त्यांनीच ऐकलं होतं. तीन दिवस जिना उतरताना मी चपला हातात घेऊन उतरले. माझी मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता, की यात माझा काय गुन्हा, मी लहानपणापासून जे ऐकलं तेच लिहिलं. बुधवारी सुट्टी घेतली आणि सकाळी खाली गेले. अक्का ओट्यावर पालेभाजी निवडत होत्या. मी समोर बसले आणि काड्या वेगळ्या करायला लागले.

‘चुकलं माझं,’ मी म्हटलं.

‘तू मला म्हटलं नाहीस, ठाऊक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आता नक्को करायला असं लग्न, तेही खरं. डॉक्टर सांगतात. माझ्या मुलींना मी बाहेरच दिलं.’ त्यांनी दुसरी जुडी पुढे ओढली. मग म्हणाल्या, ‘तमिळमध्ये बघ, मामावर किती गाणी. सिनेमात मामा, पुस्तकात मामा. ती मी ऐकते, वाचते. पण आम्ही दोघं घरांत कधी तमिळ बोललो नाही मा. पंचावन्न वर्षं आपल्याच भाषेत भांडलो, आपल्याच भाषेत बोललो. तुझी गोष्ट त्या भाषेत. म्हटलं, आता येईल, आपल्या भाषेत आपल्यासारखं कुणीतरी येईल. आणि आलं ते किळस.’

मला रडू आलं. भाजीत माती होती असं सांगायची सोय नव्हती, भाजी स्वच्छ होती. मी विचारलं, हे मी लिहू का, सगळ्यांसाठी. त्या म्हणाल्या, नाव घालू नक्को. आणि मामाला राजपुत्राच्या जागी बसवू का म्हणून विचारलं, तर माझ्यावरच ओरडल्या. ‘वेडी कां तू? मुलीला तो पोरगा आवडतो, तर जाऊ दे की तिला. मामाला वाईट म्हणू नक्को, एवढंच. त्याला एखादी चांगली बाई बघ.’

शुक्रवारी मी भाग टाकला नाही. त्याऐवजी दहा ओळींची नोंद टाकली, आणि रविवारी चारला तीच वाचायला खाली गेले. ‘मागच्या भागाखालचं माझं उत्तर मी काढलं आहे. ज्यांच्या घराच्या वर मी राहते, त्या बाईंनी आपल्या मामाशी लग्न केलं, आणि ती दोघं पंचावन्न वर्षं एकमेकांशी मराठीत बोलत आली आहेत. ही रीत माझी नाही आणि मला ती अजूनही पचत नाही. पण किळस हा शब्द माझा होता आणि तो मी मागे घेते. कथेतली मुलगी मामाशी लग्न करणार नाही, कारण तिला दुसरा आवडतो. याखेरीज दुसरं कारण नाही.’ नोंदीखाली थोडा गोंधळ होताच. काहीजण मालिका सोडून गेले होते, फौजी गृहस्थांनी ‘धाडसी नोंद’ म्हणून पाठ थोपटून पुन्हा बाणाचा विषय काढला होता.

वाचून झाल्यावर अक्का म्हणाल्या, ‘त्यांच्या कानांत वाच. उजव्या. मोठ्याने.’

मी गेले आणि खुर्चीशी उभी राहून सगळं पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द ओरडून. समोरच्या घरातही ऐकू गेलं असेल. अण्णांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता घर शोधायला लागणार.

‘दुसरा आवडतो, हे कारण बरोबर,’ ते म्हणाले. ‘मीही हिला तेच विचारलं होतं.’

‘काय बोलूलागलात!’ अक्का म्हणाल्या.

‘मी खरगपूरला होतो नोकरीला. ही मोठी झाली ती मी पाहिलीच नाही. घरच्यांनी ठरवून टाकलं. मी हिला पत्र लिहिलं, तुला दुसरा कोणी आवडतो कां, तर सांग, मी नको म्हणतो, तुझ्यावर बोल येणार नाही. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. सात पत्रं लिहिली.’

नातीने फोन खाली ठेवला होता. हे तिलाही माहीत नव्हतं. ‘मग अक्का काय म्हणाली?’ तिने विचारलं, आणि मग त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा ओरडून विचारलं.

‘एक पत्र आलं. तीन ओळी,’ अण्णा म्हणाले. ‘दुसरा कोणी नाही. तुम्हीही अजून नाही. थांबा.’

‘मग?’

‘मग थांबलो. वर्ष झालं, वर काही महिने. सगळे मला हसायचे, भाचीने लटकवून ठेवला म्हणून.’

मी अक्कांकडे पाहिलं. त्या खोटं खोटं रागावतील, गप्प बसा म्हणतील, असं मला वाटलं. पण त्या आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हत्या.

‘हे थांबले खरे,’ त्या म्हणाल्या.